वाटून टाकलेली कलमं

सरकार आपल्याला आंब्याची कलमं देणार आणि ती जगवली म्हणून वर पैसेही देणार, हे माझ्या सासूला कधी पटलं नाही. पैसे घरात आले तरी पटलं नाही. मी त्यांना आत्याबाय म्हणायची. त्या चुलीपुढं बसून बोलायच्या, "झाड आपन लावायचं, आंबा आपन खायचा, आन पैसे त्यांनी कशाला द्यायचे गो?" आता मी काय सांगणार. लग्न होऊन नुकतीच आलेली मी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं मी पुढं मुलांच्या पाटीवर बघून बघून शिकले. तेव्हा मला सरकार म्हणजे तलाठी एवढंच ठाऊक होतं, आणि तो तर द्यायला नाही, घ्यायला यायचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला. घाटात ट्रक चढायला लागला की त्याचं कण्हणं आमच्या अंगणात ऐकू यायचं. एसटी खाली रस्त्यावर सोडायची आणि तिथून पुढं आपले पाय. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे, आताचं नाव नंतर आलं. भाताची खाचरं खाली ओढ्याकाठी, ती थोडीच. बाकी सगळा डोंगरउतार, त्याला वरकस म्हणतात. तिथं नाचणी नाहीतर वरी करायची आणि मग ती जमीन दोन-चार वर्षं तशीच निजू द्यायची. एवढ्यावर वर्ष निघत नसे. म्हणून घराघरातला एक तरी माणूस मुंबईला असायचा.

आमच्या घरातले हेच होते मुंबईला. गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर त्याच्या जागी घेणार, सगळे आले असतील तर परत खोलीवर. कापसाच्या धुळीनं यांना खोकला लागला. लग्नानंतरच्या शिमग्याला घरी आले ते परत गेलेच नाहीत. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा तसे मऊ माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की वरकसातनं काय उभं करता आलं तर राहा, नाहीतर मुंबईची वाट धर. यांचा चुलतभाऊ त्याच गिरणीत होता, त्यानं जॉबरला, म्हणजे कामावर माणसं घेणाऱ्या मुकादमाला, सांगून यांची जागा धरून ठेवली होती. ती काही जन्मभर धरून ठेवणार नव्हता.

मला कोण विचारणार होतं? नव्या सुनेला विचारायची पद्धत नव्हती. पण मनातलं सांगायचं तर मला तो माणूस घरात हवा होता. वाडीत माझ्या बरोबरीच्या सगळ्या बायका शिमगा आणि गणपती असे दोनदाच नवरा बघायच्या. त्यांची पोरं बापाला पाहून दाराआड लपायची. मला तसं नको होतं, बस.

अशात ग्रामसेवक वर आला. पोरसवदा, देशावरचा, आमच्या उतारावर त्याच्या वहाणा घसरायच्या म्हणून त्या हातात घेऊन चढायचा. त्यानं देवळापुढं सगळ्यांना बसवून सांगितलं की पंचायत समितीत योजना आली आहे. वरकसात खड्डे खणा, हापूसची कलमं जवळजवळ फुकट मिळतील. खड्डे आणि कुंपण झालं की थोडे पैसे. आणि वर्षभरानं साहेब येऊन बघणार, झाडं जगलेली दिसली की मोठा हप्ता. त्याला तो अनुदान म्हणायचा. वाडीनं तो शब्द काही उचलला नाही, सगळे आपले 'झाडांचा पैसा' म्हणायचे.

लोक हसले. आमच्या रानात रायवळ आंबे ढीगभर, कोणी लावलेले नाहीत. एक म्हातारा बोलला, "आंबा लावतात होय? आंबा असतो." पण यांनी हात वर केला. मामांच्या नावावरचा देवळामागचा उतार दाखवला आणि दुसऱ्या दिवशी पहारीनं खड्डे घ्यायला लागले. मुरमाड जमीन ती, ठिणग्या उडायच्या. मी भाकरी घेऊन जायची आणि माती ओढून परत यायची. मामा लांबून बघायचे. एक दिवस ते पण कुदळ घेऊन आले. शेजारचा खड्डा धरला.

मृग लागला आणि निरोप आला की कलमं खाली रस्त्यावर उतरवली आहेत. आता ती वर आणायची कशी? एकेका कलमाला मातीचा गोळा, त्याला हुंडी म्हणतात, वरनं पेंढा गुंडाळलेला. हुंडी फुटली की झाड मेलं. मामांनी वाडीत हाक दिली आणि घरटी माणूस आला. गडी, बायका, सगळे. हाऱ्यांत, पाट्यांत घालून, डोक्यावर चुंबळ ठेवून, चिखलातनं ती कलमं आम्ही वर आणली. खालच्या घरची काकी तेव्हाच साठीच्या पुढची, तोंडानं फटकळ, घरात ती आणि तिची तांबू गाय. ती पण दोन कलमं घेऊन चढली, सगळ्या वाटेनं सरकारला शिव्या देत, पण हुंडीला हात धरून.

अंगणात कलमं ओळीनं मांडली. यांना ग्रामसेवकानं सह्यांसाठी पोलादपूरला नेलं आणि पावसानं ओढा भरला, म्हणून हे रात्री तिकडंच राहिले. आणि त्या संध्याकाळी मामांनी कलमं वाटून टाकली.

हे आता कोणाला सांगितलं तर लोक मामांना वेडं म्हणतील. ते वेडे नव्हते. आमच्या वाडीत रानडुक्कर मारलं की ज्याची बंदूक त्याला डोकं, पण वाटा सगळ्यांना. हाकारे घालणाऱ्याला, नुसता डबा वाजवणाऱ्याला, मेलेलं डुक्कर खांद्यावरनं आणणाऱ्याला. मुंबईहून कोणी खाऊ आणला तरी आधी घरोघर जायचा. बाहेरनं वाडीत आलेली वस्तू एका घरात राहिली, असं मामांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कलमं आणून लोक दमून बसले होते. मामांनी त्यांना गूळपाणी दिलं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक एक कलम. भाऊबंदांना दोन. लोकांनी पण घेतलं, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला पण नाही. मीच तर हारे पुढं करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. अंगणात उरलेली कलमं पाहिली, बाकीची लावून झाली असं समजून खूष होऊन उताराकडं गेले. परत आले ते हळूहळू आले.

"बाबा," ते बोलले, "ती परसादाची केळी नवती."

मामा पागोळीला हात धूत होते. "वर कोनी आनली रे? तू येकट्यानं?"

"येकट्यानं नाय. पन साहेब येनार बघायला. आपल्या जमिनीच्या नंबरात झाडं पायजेत."

"मंग मागून घेऊ म्हनतोस? दिलेला वाटा?"

वाटा परत मागायचा म्हणजे त्या घराशी जन्माचं तुटलं. उरली ती कलमं यांनी लावली. उतारावर ती अशी दिसायची, जशी जेवणाची पंगत मांडलीय आणि निम्मे लोक आलेच नाहीत. रिकाम्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचून बेडूक ओरडायचे.

ग्रामसेवकाला सगळं सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. मग बोलला, आहेत ती तरी जगवा, कुंपण नीट करा, वर्षभरात काही तरी सुचेल. कुंपण आम्ही करवंदीच्या काट्यांचं केलं, छातीइतकं. ते बघून पहिला छोटा हप्ता मिळाला. यांचे हात आठवडाभर सुजले होते.

कुंपण कशाला, तर गुरांसाठी. भात झोडून झालं, दिवाळी झाली की आमच्याकडं गुरं मोकळी सुटायची. खाली सावित्रीकाठची गावं भातामागं वाल पेरतात, त्यांना गुरं राखावी लागतात. वर आमच्याकडं ओल राहत नाही, पेरायचं काही नाही, मग राखायचं काय? दिवाळीपासून मृगापर्यंत सगळं रान एक. कोणाचा बांध, कोणाचा उतार, गुरांनी कुठंही फिरावं, संध्याकाळी आपल्या आपण घरी यावं. दोर सुटायचा तो पावसातच परत बांधायचा. बायकांना पण तेवढीच मोकळीक. यात कोणी कोणाशी भांडत नसे.

कुंपण टिकलं, चांगलं टिकलं, शिमग्यापर्यंत टिकलं. आणि शिमग्याला वाडीतल्या गड्यांनी ते होळीत घातलं.

आता हसू येतं. वाळलेले काटे ते, कसे सुंदर पेटतात. होळीसाठी कोणाचं काय उचललं तर त्याची तक्रार करायची नाही, हा रिवाज. फाटक गेलं, मोडकी खाट गेली, तरी मालकानं हसायचं. हे सकाळी उठून उतारावर गेले तर कुंपण नाही, आणि देवळापुढं हा एवढा राखेचा ढीग. ज्यांनी नेलं तेच यांच्या तोंडाला गुलाल लावायला आले. यांनी लावून घेतला. काय करतील?

मग गुरांचं काम सोपं झालं. चैत्रात रानात हिरवं म्हणून काय असतं? ती कोवळी पानंच. आम्ही परत काटे आणले, पण काटे येईपर्यंत जायची ती झाडं गेली. सगळ्यात पुढं काकीची तांबू. हे तिला हाकलून खाली काकीच्या दारात नेऊन उभी करायचे, आणि काकी म्हणायची, "गाय हाय ती. तिला सरकारची योजना काय ठावं?"

वैशाखात साहेब आला. मध्यम वयाचा, कोरडा माणूस, कमी बोलायचा. घामानं भिजला होता. आत्याबायनी गूळ आणि पाणी दिलं, ते मात्र दोनदा मागून प्याला. मग उतारावर गेला. मी आणि आत्याबाय देवळाच्या कोपऱ्यावर उभ्या. साहेबानं खड्ड्याखड्ड्यापाशी जाऊन बघितलं. बुडखे होते, काठ्या होत्या, पान कुठं नव्हतं. ग्रामसेवकाचं तोंड एवढंसं झालं. साहेबानं टोपण लावून पेन खिशात टाकलं. मी मनातल्या मनात यांची ट्रंक भरायला घेतली. धोतर कुठलं, सदरा कुठला, वाटेच्या भाकऱ्या किती.

तेवढ्यात खालनं काकी चढून आली, कमरेवर हात ठेवून. "साहेब झाडं बघायला आलाय ना? मंग हितं कशाला बघता? माझ्या गायीनं खाल्ली ती बघितलीत, आता माझ्या परसात हाय ते पन बघा."

साहेबानं ग्रामसेवकाकडं बघितलं. ग्रामसेवकानं यांच्याकडं बघितलं. आणि काकी पुढं चालायला पण लागली.

तिच्या परसात, भांडी घासायच्या दगडामागं, कलम उभं होतं. माझ्या कमरेच्या वर आलेलं, पानं काळी हिरवी, भोवती फुटक्या घागरीचं खापर लावलेलं. वर्षभर भांड्यांचं पाणी मिळालं होतं त्याला. आणि गाय? स्वतःच्या परसात काकी तिला फिरकू द्यायची नाही. साहेब खाली बसला, जोडाच्या जागेला बोट लावून बघितलं. मग पुढच्या घरी. तिथं न्हाणीच्या पाण्यावर उभं. त्याच्या पुढच्या घरी केळीच्या आडोशाला. एक-दोन गेली होती, बाकी सगळी जिवंत. आम्हाला पण ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या परसात डोकावून कोण बघतं?

साहेबानं विचारलं, "ही झाडं कोणाची?"

"यांचीच," काकी बोलली. "आमी नुसतं पानी घालतो."

बाकीच्या घरांनी पण माना हलवल्या. यांचीच, यांचीच. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय ते. वाडीतला एक माणूस मुंबईला परत जाणार की राहणार, हे एका घराचं गुपित थोडंच असतं? आणि मला वाटलं, आता झालं, सुटलो.

तर मामा मध्ये आले. "नाय साहेब. झाडं त्यांची. मी वाटा दिला होता."

"अवो तुमची हायेत," काकी बोलली.

"माझी नाय."

"मी म्हनते तुमची."

"काकी, दिलेली वस्तू माझी कशी?"

असं त्या दोघांचं साहेबाच्या तोंडापुढं चाललं. आमच्याकडं माणसं वस्तूसाठी भांडतात तशी ही दोघं वस्तू नको म्हणून भांडत होती. हे मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. शेवटी साहेबच बोलला, त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं.

"झाड कोणाचं ते तुम्ही आपसात ठरवा. मला ते लिहायचं नाही. झाड कुठं आहे ते मला लिहायचं आहे. तुमच्या उतारावर असेल तर पैसे, परसात असेल तर नाही. मृगात हुंडी धरून काढलीत आणि वर लावलीत तर जगतील. मी दिवाळीनंतर परत येतो." आणि ग्रामसेवकाला बोलला, "पाहणी अपुरी राहिली असं लिहा."

तो गेल्यावर सगळे आमच्या अंगणात बसले. मामांनी तंबाखू मळली. मग त्यांनी तोडगा सांगितला. झाड ज्याचं त्याचंच. आंबा पण त्याचाच. फक्त ते उभं राहणार आमच्या उतारावर. सरकारचा पैसा जागेचा, तो आमच्या घरात. म्हणजे वाटा परत घेतला असं होत नाही, आणि साहेबाला पण झाड जागेवर दिसतं.

काकी सगळं ऐकून बोलली, "म्हंजे माझं झाड माझ्याच गायीपासनं मीच राखायचं?"

सगळे हसले. मामा पण हसले. पण मला वाटतं, त्या हसण्यातच ते ठरलं.

मृगात कलमं निघाली. एका वर्षात मुळं खाली गेली होती. हुंडी मोठी घ्यावी लागली, गोणपाटात बांधून, बांबूला अडकवून दोन गड्यांनी न्यायची. आमच्याकडं आजारी माणसाला असंच डोलीत घालून पोलादपूरला नेतात. त्यामुळं झाड चाललं की बाया विचारायच्या, "काय होतंय गो त्याला? ताप हाय का?" काकीनं स्वतःच्या झाडाबरोबर पुढं चालून वाट दाखवली. खड्डा तिनं आपला निवडला, देवळाच्या बाजूचा, तिला बसल्या ओट्यावरनं दिसेल असा. प्रत्येक घरानं तेच केलं. आपलं झाड आपल्याला दिसायला हवं.

काही झाडं पानं टाकून बसली. दोन-तीन मेली. बाकीच्यांनी श्रावणात नवी पालवी काढली, तांबूस, ओली. ती बघायला घरोघरची माणसं यायची. नाचणीकडं जाताना वाकडी वाट करून यायची. कोणी शेण आणून टाकी, कोणी तण काढी. स्वतःच्या झाडाचं काढलं की शेजारच्याचं पण थोडं काढी.

दिवाळी आली. एरवी दिवाळीला मुंबईचं कोणी येत नसे, पण त्या साली यांचा चुलतभाऊ सुट्टी काढून वर आला. त्यानं सांगितलं की आता जॉबर ऐकत नाही, या खेपेला बरोबर आलास तर जागा आहे, नाही तर गेली. साहेबाचा पत्ता नव्हता. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणे साहेबाकडं दुसरा पण तालुका दिलाय, येतील तेव्हा येतील. येतीलच असं काही तो छाती ठोकून सांगेना. घरात भात किती आहे ते मला आणि आत्याबायना माहीत होतं. झाडं जगली तरी आंबा लागायला अजून किती वर्षं. मधल्या वर्षांना काय खायचं?

यांनी मला एका शब्दानं काही सांगितलं नाही. चुलतभाऊ निघाला त्या सकाळी यांनी त्याची गाठोडी डोक्यावर घेतली. स्वतःचं काही घेतलं नव्हतं, पण त्याचा काय भरवसा? मुंबईला जायला माणसाला अंगावरचे कपडे पुरतात, कपडे खोलीवर मिळतात. कनवटीला तिकिटाचे पैसे मात्र होते. आत्याबायनीच मडक्यातनं काढून दिले होते, आणि देताना माझ्याकडं बघितलं नव्हतं. जाताना काकी दारात उभी होती. ती यांना बोलली, "पोलादपूरला चाललास तर मला येक दावं आन. काथ्याचं, जाड. जुनं तुटतं." दावं म्हणजे गुराला बांधायचा दोर. हे हूं बोलले आणि उतरले.

तो दिवस मी नाचणी झोडत काढला. खालनं कोणी येताना दिसलं की हात थांबायचा. आत्याबाय दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आल्या. दुपारची एसटी घाट चढताना ऐकू आली, महाडहून येणारी. मुंबईकडं जाणारी तर कधीच गेलेली असणार. मामा देवळाच्या पायरीवर बसले होते, तोंड वाटेकडं.

उन्हं उतरली तेव्हा हे आले. खांद्यावर काथ्याच्या दाव्यांचं हे एवढं वेटोळं. एक नाही, घरोघरी पुरतील इतकी. तिकिटाचे पैसे त्यात गेले होते. ते आमच्या घरी न येता आधी काकीच्या दारात गेले, आणि मी वरनं बघत होते. काकीनं दावं हातात घेतलं, ओढून पाहिलं आणि गाय बांधली. दिवाळी होऊन गेलेली, आणि वाडीत पहिल्यांदा एक गाय दाव्याला.

मग घरोघर दावी गेली. लगेच सगळ्यांनी गुरं बांधली असं नाही हो. रिवाज असा एका संध्याकाळी जात नाही. पण ज्यानं बांधलं नाही त्याच्या बैलानं दुसऱ्याचं झाड खाल्लं तर काय, हे आता प्रत्येकाला कळत होतं. आपल्या झाडाचं पान गेलं की मग समजतं. म्हणून पाळ्या लावल्या. आज या घरानं सगळी गुरं पलीकडच्या डोंगराला न्यायची, उद्या त्या घरानं. त्या साली शिमग्याला होळीची लाकडं आणायला गडी निघाले, तेव्हा काकी कुंपणाशी काठी घेऊन बसली होती. तिच्या अंगावर जायची कोणाची छाती नव्हती.

साहेब माघात आला. मला आठवतं, कारण मी तेव्हा पोटुशी होते आणि उतारावर चढायला आत्याबायनी मला मनाई केली होती. ओट्यावरनंच बघितलं. साहेब झाडाझाडापाशी थांबत होता आणि झाडाझाडापाशी एक माणूस उभा होता, आपापल्या झाडाचा. कुंपणाबाहेर तांबू दाव्याला चरत होती. साहेबानं तिच्याकडं बोट करून काही विचारलं. नंतर यांनी सांगितलं, साहेब विचारत होता, हीच का ती?

पैसे पावसाआधी आले. पोलादपूरला जाऊन यांनी आणले आणि देव्हाऱ्यापुढं ठेवले. मामा उठले, टोपी घातली, आणि आत्याबायनी विचारलं, "कुठं?"

"वाडीत," मामा बोलले. "थोडं थोडं सगळ्यांना—"

आत्याबाय दारात आडव्या झाल्या. मी त्यांना आधी कधी तसं बघितलं नव्हतं. "हे नाय वाटायचं. हे डोक्यावरनं कोनी आनलेलं नाय."

मामांनी टोपी काढून खुंटीला लावली. यांच्याकडं बघून एवढंच बोलले, "जॉबरला निरोप धाड. जागा सोडली म्हनून."

त्या पैशात मधली दोन वर्षं निघाली. भात विकत घेतलं, एक दुभती म्हैस आणली. आणि झऱ्याला दगडाची टाकी बांधली, तेवढी मात्र सगळ्या वाडीसाठी. ते मामांनी मागितलं आणि आत्याबाय नाही म्हणाल्या नाहीत. यांचा खोकला हळूहळू गेला. माझ्या मुलांमधलं कोणीही बापाला पाहून दाराआड लपलं नाही.

आता मामा नाहीत, आत्याबाय नाहीत, काकी तर कधीच गेली. हे पण गेले, या अंगणातनंच गेले. वाडीतली निम्मी घरं वर्षातले दहा महिने कुलपात असतात. पण मे महिना आला की गाड्या थेट देवळापर्यंत येतात, आता रस्ता आहे. मुंबईची, सुरतेची माणसं उतरतात, शहरात वाढलेल्या सुना उतरतात. त्यांना सासरचं घर सापडायला वेळ लागतो, पण उतारावर येऊन विचारतात, "आजी, आमचं झाड कुठलं?"

मी हात धरून दाखवते. हे तुमचं, वरच्या घरचं. ते तिकडचं भाऊबंदांचं, जोडीनं. ज्यांचं कोणीच येत नाही त्यांचे आंबे पण मी वेगळ्या टोपलीत काढून ठेवते, निरोप आला तर द्यायला. गेल्या साली काकीच्या भाच्याची सून आली होती. तिला देवळाच्या बाजूचं दाखवलं. सगळ्यात जास्त तेच धरतं. ती बोलली, "एवढं कसं काय हो धरतं?" मी तिला खाली बसवलं आणि तांबूपासून सुरुवात केली.